साहेबांची ‘प्रकृती’ आणि आपला ‘बहाणा’

रविवारी सकाळची वंदना झाली की आमच्या विहारात दहावी-बारावीच्या मुलामुलींचा इंग्रजीचा वर्ग असतो. मागे एका मुलीने उताऱ्यात अडलेला शब्द विचारला : ‘इन्डिस्पोज्ड’. शब्दकोश तिच्या हातातच होता. तिने दोन्ही अर्थ वाचून दाखवले. पहिला : प्रकृती जराशी बिघडलेला, बरं नसलेला. दुसरा : राजी नसलेला, इच्छा नसलेला. मग ती म्हणाली, “ताई, एका शब्दाचे असे दोन अर्थ असले तर माणूस खरंच आजारी आहे की त्याला यायचंच नाही, हे ओळखायचं कसं?”

तिची आई विहाराच्या दारात चपला घालत होती. ती झाडूखात्यात ठेकेदाराकडे काम करते. तिथूनच ती म्हणाली, “आमच्या मुकादमाला विचार. त्याला फोनवरच कळतं.”

सगळे हसले. मीही हसले. घरी जाताना मात्र ते हसू घशात अडकलं. त्या माऊलीने एका वाक्यात जे सांगितलं ते आरोग्याच्या पानावर लिहिण्यासारखं आहे. आजारी कोण आणि नाखूष कोण, हे आजारावरून ठरत नाही. बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, यावरून ठरतं.

एक शब्द, दोन वजनं

हा इंग्रजी शब्द मोठ्या लोकांच्या वापरातला आहे. त्याच्या मुळाशी ‘मांडणी’चा अर्थ आहे. घडी विस्कटली, मांडणी बिघडली, म्हणून येऊ शकत नाही, असा काहीसा. शब्द मऊ आहे. काय झालंय ते सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. आपल्या वर्तमानपत्रांत त्याचा मराठी भाऊ रोज भेटतो : ‘प्रकृतीच्या कारणास्तव’. पुढारी सभेला आले नाहीत, प्रकृतीच्या कारणास्तव. साहेबांनी बैठक टाळली, प्रकृतीच्या कारणास्तव. ताप किती होता, डॉक्टरचा कागद कुठे आहे, असं त्यांना कोणी विचारत नाही. खरं कारण नाराजी असलं तरी ते प्रकृतीच्या चादरीखाली झाकलं जातं. मोठ्या माणसाच्या अनिच्छेलाही आजारपणाचा मान मिळतो.

आता आपल्या वस्तीत या. धुणीभांडी करणारी मावशी सकाळी फोन करते, “बाई, आज येणं होत नाही, अंग मोडून आलंय.” पलीकडून काय ऐकू येतं? “दर सोमवारी तुमचं काहीतरी असतंच.” नाक्यावरचा गडी दोन दिवस दिसला नाही की ‘पिऊन पडला असेल’. सफाई कामगार आला नाही की हजेरीवहीत ‘खाडा’. खाड्याच्या रकान्यात ताप बसत नाही, खोकला बसत नाही, लेकराचं दवाखान्यात जाणं बसत नाही. पैसे कापले, विषय संपला. आणि आपल्यासाठी शब्द किती तयार आहेत बघा : कामचुकार, अंगचोर, बहाणेबाज, सोंगाड्या, नाटकी. यातला एकही शब्द तुम्ही साहेबांसाठी वापरलेला ऐकला आहे का?

म्हणजे त्यांची अनिच्छा आजार ठरते आणि आपला आजार अनिच्छा ठरतो. त्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे आहे.

हे नुसतं शब्दांपुरतं नाही

कोणी म्हणेल, शब्दांचं काय एवढं? शब्दांमुळे माणसं मार खातात आणि मरतातही, म्हणून एवढं.

अमेरिकेत गुलामगिरी होती तेव्हाची गोष्ट आहे. लुइझियाना राज्यात सॅम्युएल कार्टराइट नावाचा गोरा डॉक्टर होता. १८५१ साली त्याने वैद्यकीय निबंध लिहून जाहीर केलं की, मालकाकडून पळून जाणाऱ्या काळ्या गुलामांना एक आजार झालेला असतो. त्याने त्या आजाराला ‘ड्रॅपेटोमेनिया’ असं भारदस्त नाव दिलं. मन लावून काम न करणाऱ्या गुलामांसाठी त्याने आणखी एका आजाराचं नाव काढलं. उपाय काय सांगितला? चाबूक. माणूस बेडीतून सुटू पाहतो, ही त्याची सर्वांत निरोगी इच्छा. तिलाच त्या डॉक्टरने रोग ठरवलं. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं, रोगाला इच्छा ठरवलं जातं. पण दोन्हीकडे लेखणी मालकाच्याच हातात असते.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं आहे. क्षयाचं, म्हणजे टीबीचं औषध मध्येच सुटलेल्या रुग्णाला दवाखान्याच्या कागदावर वर्षानुवर्षं ‘डिफॉल्टर’ लिहिलं जायचं. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्यालाही हाच शब्द आहे. त्याने औषध का सोडलं? गोळ्यांनी मळमळ होत होती, उपाशीपोटी गिळवत नव्हत्या, दवाखान्याची वेळ आणि कामाची वेळ एकच होती, घरमालकाला कळलं तर खोली जाईल ही भीती होती. यातलं काहीच त्या शब्दात नव्हतं. फक्त दोष होता. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या व्याख्या बदलताना तो शब्द काढला आणि ‘पाठपुराव्यातून निसटलेला’ अशा अर्थाचा शब्द घेतला. बदल छोटा दिसतो. पण ‘डिफॉल्टर’ म्हटलं की रुग्णाला झापायचं असतं. ‘निसटला’ म्हटलं की त्याच्या घरी जाऊन बघायचं असतं की हात कुठे सुटला.

आता आपल्या घरात बघू

मुकादमावर आणि साहेबावर बोट दाखवणं सोपं आहे. अवघड गोष्ट पुढे आहे. बाहेर जे शब्द आपल्याला मारले जातात, तेच आपण घरात उचलतो आणि आपल्याच माणसांना मारतो. सुनेला, मुलीला, शाळकरी पोराला, म्हाताऱ्या आईला. जे आजार डोळ्यांना दिसत नाहीत तिथे हे सर्वांत जास्त होतं. चार उदाहरणं देते.

पहिलं, रक्त कमी असणं. सून सकाळी उठत नाही, जिना चढताना तिला धाप लागते, दुपारी पडून राहते, चिडचिड करते. सासू म्हणते, “आम्ही नाही का चार-चार लेकरं काढली? हिला कामाचा कंटाळा.” देशाच्या २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. अर्ध्यापेक्षा जास्त! बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलं तर रक्त कमी समजतात, गरोदर बाईचं ११ च्या खाली. ही तपासणी सरकारी दवाखान्यात होते, बोटातून रक्ताचा थेंब घेऊनही होते. ज्याला आपण ‘कंटाळा’ म्हणतो त्याचा आकडा निघू शकतो. आधी आकडा बघा, मग बोला.

दुसरं, पाळी. गंमत म्हणजे तो इंग्रजी शब्द पाळीसाठीही आडून वापरला जायचा. आपल्याकडे ‘अडचण आहे’, ‘कावळा शिवला’ म्हणतात, तसा. ज्या ‘विटाळ’ शब्दाने आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकललं, तोच शब्द आपल्या घरात पाळीसाठी निघत असेल तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला ते शोभत नाही. पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. मुलीचं पोट इतकं दुखतं की ती शाळेत जात नाही, दर तासा-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावं लागतं, पाळी आठ-दहा दिवस चालते, तेव्हा “सगळ्याच बायकांना होतं” म्हणून तिला गप्प बसवू नका. इतकी पाळी जाणं हा आजार असू शकतो. त्यातूनच रक्त कमी होतं. तिला डॉक्टरकडे न्या.

तिसरं, मन. इथे तर त्या इंग्रजी शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. “मन लागत नाही, उठावंसं वाटत नाही, कोणाशी बोलावंसं वाटत नाही.” बघणाऱ्याला ही अनिच्छा वाटते. पण उदासीच्या आजारात, म्हणजे डिप्रेशनमध्ये, इच्छाच आजारी पडलेली असते. पाय मोडलेल्या माणसाला आपण “चाल की” म्हणत नाही. ज्याची इच्छा मोडली आहे त्याला मात्र “मन घट्ट कर” म्हणतो. दोन आठवड्यांच्या वर असं चाललं असेल, झोप उडाली असेल, जेवण तुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं तोंडून निघत असेल, तर तो आजार समजा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस क्रमांक आहे. दिवसरात्र कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत. अंगात आलंय, बाहेरचं लागलंय म्हणून मांत्रिकाकडे नेणारं घर बौद्धाचं असू शकत नाही.

चौथ्या उदाहरणावर जरा थांबते, कारण ते आपल्या समाजाच्या रक्तातलं आहे.

सिकलसेल : ज्याला आपण शाळाबुडवा म्हणतो

एक मुलगा आहे. महिन्या-दोन महिन्यांनी त्याचे हातपाय दुखतात, कधी पाठ, कधी छाती. अंगावर जखम नाही, बरेचदा सूजही नाही. परीक्षा जवळ आली, थंडी पडली, खेळून दमला की दुखणं उठतं. रात्रभर रडतो आणि चार दिवसांनी पुन्हा पोरांत खेळतो. मास्तर म्हणतात ढोंगी आहे. बाप म्हणतो शाळा बुडवायला नाटक करतो. दोन फटके पडतात. अशी मुलं मी पाहिली आहेत. एकाच्या आईने मला रडत सांगितलं होतं, “ताई, ज्या पायावर मी मारलं त्याच पायात त्याचं दुखणं होतं.”

त्याला सिकलसेल होता. हा आजार रक्तातून, आई-बापाकडून येतो. निरोगी तांबड्या पेशी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठर होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढे रक्त पोचत नाही. जिथे रक्त पोचत नाही तिथे भयंकर वेदना होतात. या पेशी लवकर फुटतात, म्हणून रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी लागली, ताप आला, फार श्रम झाले की वेदना उठतात. म्हणजे परीक्षेच्या दिवसांत जागरण, उपास आणि ताण झाला की दुखणं वाढणं हे नाटक नाही, आजाराचा स्वभाव आहे.

विदर्भात, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात हा आजार आदिवासी बांधवांबरोबर आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. तिथून कामासाठी मुंबई, पुणे, सुरतेला गेलेली कुटुंबं तो रक्तातून बरोबर नेतात. तिकडच्या डॉक्टरच्या मनात तो चटकन येत नाही. म्हणून केसपेपर काढताना स्वतःहून सांगा, “आमचं मूळ गाव विदर्भात आहे, सिकलसेलची तपासणी करायची आहे का?” एवढ्या एका वाक्याने मुलाची वर्षं वाचू शकतात.

तपासणी दोन टप्प्यांत होते. आधी साधी चाचणी. ती सदोष आली तर दुसरी पक्की चाचणी, ज्यातून तुम्ही नुसते वाहक आहात की रुग्ण, हे कळतं. वाहकाला सहसा काही त्रास नसतो. तो आजारी नाही, त्याचं लग्न, नोकरी काही अडत नाही. पण नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मूल रुग्ण जन्मेल. म्हणून लग्नाआधी कुंडली नको, रक्त बघा. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी धरलेली आहे. आशाताईंना विचारा.

रुग्ण असलेल्या मुलाला भरपूर पाणी पाजा, थंडीत ऊब द्या, फॉलिक ॲसिडची गोळी आणि डॉक्टरने दिलं असेल तर हायड्रॉक्सियुरिया नेमाने द्या. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने सुरू करू नका. सिकलसेलमध्ये रक्त कमी होण्याचं कारण वेगळं असतं, त्यामुळे लोह डॉक्टरला विचारूनच. ताप आला, छातीत दुखलं, धाप लागली, पोट अचानक फुगलं, मूल पांढरंफटक पडलं किंवा अंगाची एक बाजू लुळी वाटली, तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. ते प्रमाणपत्र मास्तरांच्या टेबलावर ठेवलं की ‘शाळाबुडवा’ हा शब्द आपोआप मागे घ्यावा लागतो.

बाबासाहेबांनी दोन अर्थ वेगळे ठेवले

काही वडीलधारे म्हणतात, “बाबासाहेब आजारी असतानाही काम करत होते, आणि तुम्ही जरा डोकं दुखलं की झोपता.” बाबासाहेबांना मधुमेह होता, रक्तदाबाचा त्रास होता, पायांच्या वेदनांनी ते हैराण होत. त्या शरीराने त्यांनी धम्मग्रंथ लिहून पुरा केला आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपल्याला दीक्षा दिली. हे आपण विसरू शकत नाही. पण याचा उपयोग आजारी माणसाला लाजवण्यासाठी करणं म्हणजे बाबासाहेबांना न समजणं होय.

कारण त्यांनी आजार लपवला नव्हता. १० ऑगस्ट १९५१ ला पंडित नेहरूंना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट कळवलं होतं की, माझ्या प्रकृतीची मला आणि माझ्या डॉक्टरांना काळजी वाटते आहे; उपचारांसाठी स्वतःला डॉक्टरांच्या हवाली करण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावं. आजार आहे तर आजार आहे असं सांगितलं.

पुढे सप्टेंबरमध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. ‘प्रकृतीच्या कारणास्तव’ म्हणून बाजूला होणं त्यांना किती सोपं होतं! प्रकृती खरंच खालावली होती, कोणी बोट ठेवलं नसतं. पण ऑक्टोबरमध्ये आपलं निवेदन देताना त्यांनी बजावून सांगितलं की, आजारपणामुळे मी गेलो असा समज कोणी करून घेऊ नये. आजारासाठी कर्तव्य सोडणारा मी माणूस नव्हे. मग खरी कारणं एकेक करून मांडली : दलितांकडे झालेलं दुर्लक्ष, परराष्ट्र धोरणातला मतभेद, हिंदू कोड बिलाची झालेली परवड. नाराजी होती, ती नाराजी म्हणूनच सांगितली.

त्या मुलीच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर मला इथे सापडतं. आजार असेल तर आजार म्हणा. नको असेल तर नको म्हणा आणि का नको तेही सांगा. एकाच्या आड दुसरं लपवू नका, आणि कोणी आपलं एक दुसऱ्याच्या नावावर खपवू लागला तर ते चालवून घेऊ नका.

हे दवाखान्यातही लागू आहे. डॉक्टरने ऑपरेशन सांगितलं, पटलं नाही, तर आपली माणसं ‘पुढच्या आठवड्यात येतो’ म्हणतात आणि पुन्हा जात नाहीत. कागदावर नोंद होते की रुग्ण तयार नाही. त्यापेक्षा तिथेच म्हणा, “डॉक्टर, मला भीती वाटते. ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? दुसरा इलाज आहे का? माझा किती दिवस रोज बुडेल?” विचारणं हा हक्क आहे. नाही म्हणणंही हक्क आहे. पण तोंड लपवून नाही म्हटलं तर नुकसान आपलंच होतं.

तथागतांनी काय विचारलं

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला अतिसार झाला होता. तो आपल्याच घाणीत पडला होता. तथागत आनंदांसोबत फिरत तिथे आले. त्यांनी विचारलं, तुला काय होतंय? तुझी सेवा करणारा कोणी आहे का? तो म्हणाला, नाही, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी माझं करत नाही. तथागतांनी आनंदांकडून पाणी आणवलं. स्वतः पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, दोघांनी उचलून त्याला खाटेवर निजवलं. मग संघाला बोलावून सांगितलं की, तुमचे इथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे, त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

यात तथागतांनी काय विचारलं नाही, तेही लक्षात घ्या. तू खरंच आजारी आहेस का? कामाचा कंटाळा म्हणून पडला आहेस का? हे त्यांनी विचारलं नाही. आधी पाणी मागवलं.

त्याच ठिकाणी रुग्णाचीही जबाबदारी सांगितली आहे. कोणत्या रुग्णाची सेवा करणं अवघड जातं? जो अपथ्य करतो, ज्याला प्रमाण कळत नाही, जो औषध घेत नाही, जो वेदना सोसत नाही, आणि जो आपला आजार आहे तसा सेवा करणाऱ्याला सांगत नाही. वाढला असेल तर वाढला, कमी झाला असेल तर कमी झाला, असं खरं सांगणं हे रुग्णाचं शील आहे. आणि विनयाचे कितीतरी नियम असे आहेत की जे आजारी भिक्खूला लागू होत नाहीत. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या संघात आजाऱ्याला सवलत होती. आजच्या ठेकेदाराकडे खाडा आहे.

मग करायचं काय?

घरात पहिला नियम ठेवा : आधी विश्वास, मग तपासणी, शेवटी शंका. आपण नेमकं उलटं करतो. एखादा पोरगा खरंच नाटक करत असेल तर तपासणीत काय बिघडणार आहे? एक सकाळ जाईल. आणि नाटक नसेल तर? आणि पोराला खरोखर शाळेत जायचं नसेल, तर त्याचंही काही कारण असणार. मास्तर जात काढत असेल, पोरं चिडवत असतील. तेही विचारलंच पाहिजे.

दवाखान्यात सांगताना ‘अंग दुखतंय, कसंतरी होतंय’ एवढ्यावर थांबू नका. घरूनच पाच गोष्टी ठरवून जा : कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं, आणि त्यामुळे रोजचं कोणतं काम जमत नाही. ‘थकवा आहे’ म्हटलं तर डॉक्टर गोळी देऊन पाठवेल. ‘तीन महिन्यांपासून दुसऱ्या मजल्यावर पाण्याचा हंडा नेताना दोनदा बसावं लागतं’ म्हटलं तर तो मान वर करून बघेल. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, हे असेल तर बेडक्याची तपासणी मागून घ्या. सरकारी दवाखान्यात क्षयाची तपासणी आणि औषध फुकट आहे, आणि उपचार चालू असताना आहारासाठी महिना एक हजार रुपये खात्यावर येतात.

कामावर असणाऱ्यांनी आपली पगाराची चिठ्ठी बघावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. अडारकर यांच्याकडे दिलं गेलं. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा, म्हणजे आपलं ईएसआय, उभं राहिलं. नोंद असलेल्या आणि ठराविक दिवसांची वर्गणी भरलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षयासारख्या लांब चालणाऱ्या आजाराला सवलत त्याहून मोठी आहे. म्हणजे आजाराचा दिवस हा खाडा नाही, असं कायदा म्हणतो. पगारातून वर्गणी कापली जाते का, ठेकेदार ती भरतो का, आपला विमा क्रमांक काय, हे विचारा. एकट्याने विचारलं तर काढून टाकतील ही भीती खरी आहे, म्हणून दहा जणांनी मिळून विचारा. आणि घरकाम करणाऱ्या, नाक्यावर उभं राहणाऱ्या आपल्या लाखो माणसांना हा आसरा अजून नाही. त्यांच्यासाठी आजाराची भरपगारी रजा मागणं हे आपल्या चळवळीचं काम आहे. जयंतीच्या बॅनरवर त्यालाही एक ओळ द्या.

विहारासाठीही एक सूचना आहे. पौर्णिमेला आपण जमतो. कोण आलं नाही याची चर्चा होते आणि ‘आजकाल त्यांना धम्मात रस नाही’ असं कोणीतरी म्हणून जातं. त्याऐवजी दोघांनी त्या घरी जाऊन यावं. दार वाजवून एवढंच विचारावं, “बरं आहे ना?” कदाचित ते खरंच रुसलेले असतील. तर तेही कळेल, आणि तेही ऐकून घ्यावं.

ती मुलगी पुढच्या रविवारी वर्गाला आली नाही. माझ्या मनात पहिला विचार काय आला? ‘एकदा कौतुक झालं, आता अभ्यासाचा कंटाळा आला असेल.’ एवढं सगळं बोलून झाल्यावरही हाच विचार आला, हे प्रामाणिकपणे लिहिते. दुपारी तिच्या घरी गेले. तिला ताप होता. तिची आई कामावरून खाडा करून तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसली होती.

मी पाणी बदलून आणलं.

नमो बुद्धाय. जयभीम.